मांजरांच्या रहस्यकथा वाचते, हे मैत्रिणींना सांगू का?

सोलापूरच्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

ताई ५२ वर्षांच्या. शाळेत २१ वर्षं मराठी शिकवलं. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा नोकरी सोडली आणि चार वर्षं त्यांचं सगळं केलं. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी सासूबाई गेल्या. त्यानंतर ताईंना एकही गंभीर पुस्तक तडीला नेता येईना. पुण्याच्या भाचीने मोबाइलवर एक इंग्रजी कादंबरी घालून दिली. लहानसं गाव, एक खून आणि तो उलगडताना मध्येमध्ये लुडबुडणारं मांजर. ती आवडली, मग तशीच दुसरी. वर्षभरात अशा २३ झाल्या. यजमान म्हणतात, "मांजर खुनी पकडतं? बालवाडीत नाव घालू का तुझं?"

ताईंचं आठ जणींचं वाचक मंडळ आहे. गड्ड्याची जत्रा उलगली की जानेवारीच्या शेवटी बैठक होते आणि प्रत्येकीने 'माझं वर्षाचं पुस्तक' यावर पंधरा मिनिटं बोलायचं असतं. गेल्या खेपेला ताई एका नावाजलेल्या कादंबरीवर बोलल्या. ती त्यांनी चाळीस पानांपुढे वाचलेली नव्हती. कुणी काही विचारलं नाही, नुसत्या टाळ्या झाल्या. मंडळातल्या एक निवृत्त प्राध्यापिका मध्यंतरी बोलून गेल्या, "वेळ घालवायला वाचणारे वेगळे आणि वाचक वेगळे." ते वाक्य ताईंच्या डोक्यातून जात नाही.

ताई विचारतात: यंदा खरं सांगू की पुन्हा वेळ मारून नेऊ? माझी आवड कायमची बिघडली का? घरातलं माणूस गेल्यावर खुनाच्या गोष्टींत मन रमतं, हे बरं लक्षण आहे का? आणि जाता जाता: नळाला पाणी येतं त्या दिवशी मागच्या भिंतीवर एक बोका येतो, त्याच्या गळ्यात लाल दोरा आहे. त्याला घरात घ्यावंसं वाटतं, यजमान नको म्हणतात.

प्रिय ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात माझं लक्ष २३ कादंबऱ्यांकडे गेलं. दुसऱ्या वाचनात तिसऱ्या पानावरची एक ओळ दिसली. तुम्ही ती सहज लिहून पुढे गेला आहात: "श्रावणात सासूबाईंना रोज कहाणी वाचून दाखवायचे. त्यांना सगळ्या पाठ होत्या तरी." त्या ओळीकडे मी परत येणार आहे. आधी हिशेब मिटवून टाकू.

"वर्ष वाया गेलं," असं तुम्ही लिहिता. किती गेलं ते मोजूया. अशी कादंबरी साधारण सत्तर हजार शब्दांची असते. इंग्रजी आपल्या रोजच्या वापरातली भाषा नाही, म्हणून एकीला आठ तास धरू. २३ कादंबऱ्यांचे झाले १८४ तास. वर्षाच्या दिवसांनी भागा, रोजचा अर्धा तास येतो. संध्याकाळची एक मालिका, जाहिरातींसकट. घरात कुणी एकदिवसीय क्रिकेटचा सामना पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत बघत असेल तर एका दिवसात एक कादंबरी खर्ची पडली म्हणायची. त्याला मात्र कुणी बालवाडीत पाठवत नाही. यजमानांच्या चेष्टेबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे. ती चेष्टा प्रेमाची आहे की बोचणारी, ते तुम्हाला माहीत.

आता खुनाबद्दल. या प्रकाराला इंग्रजीत 'कोझी' म्हणतात. चहाच्या किटलीवर जे उबदार टोपडं घालतात त्यालाही हाच शब्द आहे. (सोलापूरकरांनी खुशाल 'चादरीतली रहस्यकथा' म्हणावं.) प्रकाराचे नियम तुम्हाला आता माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. खून पडद्याआड होतो, रक्त दिसत नाही, शोध घेणारी व्यक्ती पोलिसांतली नसते, गाव एवढं लहान की प्रत्येकाला प्रत्येकाची खबर. या घराण्याची आजी म्हणजे अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. तिची पहिली कादंबरी १९३० सालची. विणकाम करत खिडकीशी बसणारी म्हातारी, आणि गावातला माणूस कुणासारखा वागतोय यावरून ती गुन्हेगार ओळखते. आपल्याकडे पाणी भरायच्या दिवशी अशा किती मिस मार्पल हंडे-कळश्या घेऊन उभ्या असतात! कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या मुलाचं कुठे जमतंय, कुणाची मोटर चोरून चालते, सगळं त्यांना ठाऊक. त्यातल्या एकीच्याही मनात रक्तपात नसतो. माणसं कशी वागतात याचं कुतूहल असतं. तुम्हाला खुनाची गोडी लागलेली नाही, उलगड्याची लागली आहे. पहिल्या प्रकरणात विस्कटलेलं शेवटच्या प्रकरणात जागेवर येतं, ते पाहायला तुम्ही जाता.

मांजराचं म्हणाल तर आपल्या जुन्या गोष्टींत ते नेमकं उलट्या बाजूला बसलेलं असतं. पंचतंत्रात ससा आणि कपिंजल पक्षी घराच्या भांडणात न्याय मागायला एका तपस्वी मांजराकडे जातात. ते म्हणतं, म्हातारपणामुळे ऐकू येत नाही, जरा जवळ या. दोघे जवळ जातात आणि निकाल लागतो! महाबलीपुरमच्या त्या प्रचंड शिल्पपटावरही पुढचे पाय वर करून तप करणारं मांजर आहे आणि पायथ्याशी भाबडे उंदीर. शतकानुशतकं संशयित म्हणून उभं असलेलं जनावर या कादंबऱ्यांत एकदम तपासाच्या बाजूला आलं. मला या बढतीची गंमत वाटते.

ही बढती कशी मिळाली ते मात्र तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. लिलियन जॅक्सन ब्रॉन नावाची अमेरिकेतली पत्रकार. डेट्रॉइटच्या एका दैनिकात तिने जवळजवळ तीस वर्षं काम केलं. तिची लाडकी सयामी मांजर दहाव्या मजल्यावरून पडून मेली. कुणीतरी ढकललं असावं असा संशय होता. ब्रॉनला ते सहन होईना. मनातलं बाहेर काढायला म्हणून तिने एक कथा लिहिली, तीही मांजराची आणि गुन्ह्याची. त्या कथेनंतर, १९६६ साली पहिली कादंबरी आली. नायक मिशाळ पत्रकार, जोडीला को-को नावाचा सयामी बोका. तीन कादंबऱ्या झाल्या आणि मग काळ बदलला. वाचकांना भडक हवंय असं ठरलं आणि मांजरवाली बाई बाजूला पडली. चौथी कादंबरी आली थेट १९८६ मध्ये, अठरा वर्षांनी. त्यानंतर मात्र तिने मागे पाहिलं नाही, एकूण २९ कादंबऱ्या झाल्या. २०११ मध्ये ती गेली तेव्हा ९७ वर्षांची होती. आज मांजरांच्या रहस्यकथांचं जे भलंमोठं दुकान मांडलेलं दिसतं, त्याच्या मुळाशी दहाव्या मजल्याखाली पडलेलं एक मांजर आणि ते दुःख कुठे ठेवावं हे न कळणारी एक बाई आहे.

म्हणजे ताई, दुःखातून उठून या गोष्टींकडे वळणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. लिहिणारीच तशी आली होती.

आता जरा खोलात जाते. अंदाज चुकला तर सोडून द्या. या कादंबऱ्यांत मरतं कोण, आठवून बघा. भाडेकरूंना छळणारा घरमालक, गावचं जुनं वाचनालय पाडायला निघालेला बिल्डर, सगळ्यांची गुपितं विकणारी बाई. तिसऱ्या प्रकरणात तो माणूस मरतो आणि चौथ्यात सगळे केक खात असतात. कुणी रडत नाही. तेराव्याची यादी नाही, ओल्या चादरी नाहीत, रिकामी झालेली कॉट कुणाला द्यायची हा प्रश्न नाही. वाङ्मयाच्या दृष्टीने हे मोठं न्यून आहे आणि प्राध्यापिकाबाईंनी ते दाखवलं तर मी मान डोलवीन. पण तुम्ही चार वर्षं दर दोन तासांनी एका माणसाची कूस बदलली आहे. ते माणूस गेलं. अर्धांगवायूला खुनी नसतो. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून "हे याने केलं" असं बोट दाखवता येत नाही. लोक म्हणाले असतील, "सुटल्या बिचाऱ्या." आणि दारात चपला घालताना हळूच, "तुम्हीही सुटलात." ते तुम्हाला खरंही वाटलं असेल आणि खरं वाटल्याचा रागही आला असेल. अशा वर्षात कुणासाठीच रडावं लागत नाही अशा मरणाच्या गोष्टी वाचाव्याशा वाटल्या, तर त्यात विपरीत काय?

आता श्रावणातली ती ओळ. शुक्रवारची, सोमवारची, आदितवारची कहाणी. आटपाट नगर असतं. काहीतरी चुकतं, कुणीतरी उतमात करतं, घर विस्कटतं. मग वसा घेतला जातो आणि सगळं ठिकाणावर येतं. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. सासूबाईंना त्या पाठ होत्या, शेवट माहीत होता, तरी त्या मागायच्या. बिछान्यावर पडलेल्या बाईला उद्याचा भरवसा नव्हता, कहाणीच्या शेवटाचा होता. त्यांची अभिरुची बिघडलीय असं तुमच्या मनात आलं का? मग त्या गेल्यावर तुम्ही ज्याचा शेवट ठरलेला असतो असं काहीतरी रोज अर्धा तास वाचत बसलात, तर मला वाटतं श्रावण संपल्यावरही तुम्ही कहाणीच वाचताय. फक्त ऐकणारं माणूस समोर नाही.

ही जोडणी मी केली, पण मालमसाला सगळा तुमच्या पत्रातला आहे.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा, आणि हे अशाच वाटेने जाणाऱ्या इतर वाचकांनाही सांगते. पुस्तकात बुडणं आणि पुस्तकामागे दडणं यांत फरक कसा ओळखायचा? पुस्तक खाली ठेवल्यावर काय होतं ते पाहा. झोप लागते का, जेवण जातं का, बहिणीचा फोन आला तर उचलावासा वाटतो का. तुम्ही मंडळाला जाता, भाचीशी बोलता, बोक्याच्या गळ्यातला दोरासुद्धा तुम्हाला दिसतो, म्हणून मला काळजी वाटत नाही. पण ज्यांचे आठवडेच्या आठवडे घराबाहेर न पडता जातात, झोप उडालेली आहे, कशातच राम वाटत नाही, त्यांनी पुस्तक बदलत बसू नये, डॉक्टरांशी बोलावं. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतूनही बोलता येतं.

बैठकीकडे वळू. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत असं तुम्ही धरलंय: गप्प राहून दुसऱ्याच पुस्तकावर बोलणं, गेल्या वर्षीच्या चाळीस पानांचा कबुलीजबाब देणं, किंवा मांजरांवर बोलणं. पहिली वाट वाईट नाही. जानेवारीला वेळ आहे, एखादं पातळ, चांगलं पुस्तक वाचून होईल. पण मग ते २३ तसेच दाराआड राहतील आणि पुढच्या वर्षी पुन्हा हेच पत्र लिहाल. दुसऱ्या वाटेला घाईने जाऊ नका. ज्याला त्याला धरून कबुली देत सुटणं हे कधीकधी आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं असतं. आणि एक धागा तुमच्या नजरेतून सुटलाय, इतकी रहस्यं वाचूनही! तुम्ही चाळीस पानांवर बोललात आणि सात जणींपैकी एकीनेही शेवटाबद्दल विचारलं नाही. का बरं? पुस्तक नावाजलेलं होतं. ज्यांनी ते पुरं केलं होतं त्यांना काहीतरी म्हणायचं असणारच. तुमच्या मंडळात उंदराला मांजर साक्ष असा प्रकार चाललेला असण्याची दाट शक्यता आहे. अशा जागी पहिल्यांदा खरं बोलणारीवर कुणी दगड मारत नाही, बाकीच्यांना हुश्श होतं.

म्हणून माझा कौल तिसऱ्या वाटेला. मात्र एक अट. माफी मागून सुरुवात करायची नाही. "तुम्ही हसाल, पण" या तीन शब्दांनी सुरुवात केलीत की त्या हसणारच, तुम्हीच परवानगी दिलेली असते. एकवीस वर्षं वर्गात उभ्या राहिलात, पहिल्या वाक्याचं महत्त्व मी तुम्हाला काय सांगू. सरळ म्हणा, "यंदा मी २३ खून वाचले." पुढची दोन मिनिटं तुमची.

२३ पुस्तकांचा आढावा घेऊ नका, त्याने सगळ्या पेंगतील. एक पुस्तक, त्यातला एक प्रसंग. आणि त्याचं एक पान स्वतः मराठीत करून वाचून दाखवा. यात माझा डाव आहे. भाषांतर करायला बसलात की ते पान किती सकस आणि किती पोकळ ते तुमचं तुम्हाला कळेल. मांजर दबा धरतं, अंग चोरतं, शेपटीचं टोक तेवढं हलवतं, पाठीची कमान करतं, गुरगुरतं, फिसकारतं. आपल्याकडे यासाठी शब्दांची श्रीमंती आहे. इंग्रजी पानावर मांजर नुसतं 'बसलं' असेल आणि तुमच्या मराठीत 'पाय पोटाशी घेऊन, डोळे किलकिले करून' बसलं, तर तो तुमचा नफा. पान पोकळ निघालं तर तेही सांगा. आवडतं आणि तरीही पोकळ आहे, असं म्हणता येणं हे माझ्या मते चांगल्या वाचकाचं काम आहे, मग हातात पुस्तक कुठलंही असो.

कारण प्राध्यापिकाबाई अगदीच चुकीचं बोलल्या नाहीत. नुसता वेळ जावा म्हणून केलेलं वाचन असतंच. मीही केलंय. बंद केल्यावर खुनी कोण होता ते आठवत नाही अशी पुस्तकं मी एकामागून एक संपवली आहेत. त्यांची चूक एवढीच की त्यांनी माणसांचे दोन ढीग केले. एकच माणूस सोमवारी एका ढिगात असतो आणि गुरुवारी दुसऱ्यात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्या अभ्यासाच्या पुस्तकात घालून वाचलेल्या पोरांपैकी किती जण पुढे मराठीचे प्राध्यापक झाले असतील, हे बाईंना एकदा चहा पिताना विचारा. पंधरा मिनिटांच्या भाषणात नको, चहाच्या वेळी. त्यांच्याही मोबाइलमध्ये काय आहे कुणास ठाऊक.

बोलायला मसाला हवा असेल तर थोडा देऊन ठेवते. रीटा मे ब्राउन या लेखिकेच्या मालिकेच्या मुखपृष्ठावर सहलेखिका म्हणून तिच्या मांजरीचं नाव छापलेलं असतं. पहिलं पुस्तक १९९० चं. त्यात मांजर आणि कुत्री आपापसात बोलतात. मला स्वतःला बोलणारी मांजरं मानवत नाहीत. मांजर बोलायला लागलं की त्याच्यातलं मांजर निघून जातं असं मला वाटतं, पण हा माझा हट्ट. मिरांडा जेम्स हे बाईचं नाव एका पुरुष ग्रंथपालाने घेतलेलं आहे. त्याच्या कादंबऱ्यांतला नायकही ग्रंथपालच, आणि त्याच्याबरोबर पट्टा बांधून गावभर फिरणारा डीझेल नावाचा अवाढव्य बोका. जपानमध्ये जिरो आकागावा यांनी १९७८ पासून तिरंगी मांजरीची मालिका चालवली, मांजरीचं नाव होम्स. तिथला पोलिस नायक रक्त बघून घाबरतो, त्यामुळे मांजरीला काम पडतंच. मांजरी का, बोका का नाही? पांढरा, काळा आणि नारिंगी असे तीनही रंग असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं म्हणून. तुमच्या मंडळात विज्ञान शिकवलेली कुणी असेल तर तिला हे आवडेल.

आणि मुख्य गोष्ट, जी मी ब्रॉनच्या को-कोमुळे शिकले: चांगल्या मांजर-रहस्यात मांजर काहीच सोडवत नाही. ते कपाटावरून एक पुस्तक खाली पाडतं. बस. त्या पुस्तकाचं नाव आणि चालू भानगड यांचा संबंध लावतो तो माणूस. मांजराने मुद्दाम पाडलं की उगाच, हे शेवटपर्यंत कळत नाही. यजमानांना सांगा, मांजर खुनी पकडत नाही. मांजराकडे लक्ष देणारा माणूस पकडतो.

आवड बिघडली का, या प्रश्नावर फार वेळ घालवत नाही. नाही बिघडली. बुद्धी शाबूत असलेल्या माणसाची चव अर्ध्या तासाच्या खुराकाने मरत नाही. जड कादंबरीकडे परतायची घाई करू नका, आणि परतायचंच असेल तर त्या चाळीस पानांवरून एक्केचाळिसाव्याकडे जाऊ नका. ते पुस्तक आता तुमच्यासाठी शरमेचं झालंय, त्याला वर्षभर कपाटात राहू द्या. मधली पायरी म्हणून सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा मराठीत आलाय. तिथेही रक्त कमी आणि डोकं जास्त, शिवाय भाषा आपली. हिराचंद नेमचंद वाचनालयात एक चक्कर मारा आणि जुन्या मराठी रहस्यकथा कुठल्या कपाटात आहेत ते विचारा. मोबाइल घरी ठेवून जा. कपाटासमोर उभं राहून पुस्तक हाती लागण्यात जी गंमत आहे ती भाचीला पाठवता येत नाही.

राहिला बोका. इथे मी थोडी यजमानांच्या बाजूने आहे, रागावू नका. पुस्तकातलं मांजर केस गाळत नाही, सोफा ओरबाडत नाही, पहाटे चारला दार वाजवत नाही. खरं मांजर घरात नीट सांभाळलं तर बारा-पंधरा वर्षं जगतं. तुम्ही नुकत्याच चार वर्षांच्या शुश्रूषेतून उठला आहात. कुणाचं तरी करण्याची सवय हातांना लागलेली असते. हात रिकामे झाले की ते नवं काम शोधतात. बोका हवाय की रिकामे हात बोलतायत, हे कळायला दोनेक महिने जाऊ द्या. तोवर भिंतीवरचं नातं भिंतीवरच ठेवा. दूध घालू नका. "डोळे मिटून दूध पितं" ही म्हण कितीही खरी असली तरी बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. पसरट भांड्यात पाणी ठेवा. सोलापूरचा एप्रिल-मे माणसांना सोसत नाही, त्याचं काय होत असेल. उचलायला जाऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठायचा. पुढे त्याला घरात घ्यायचं ठरलंच तर आधी लस आणि नसबंदी.

आणि तो खरंच बेवारस आहे का, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही याचं मला नवल वाटतं. बोक्याच्या गळ्यात दोरा आपोआप येत नाही. कुणीतरी मांडीवर घेऊन, गाठ सैल ठेवून तो बांधलाय. लाल सूत तुमच्या गावात कुठल्याही मागाशेजारी सापडेल, त्यावरून काही कळणार नाही. पण तो नेमका पाणी येतं त्याच दिवशी तुमच्याकडे का येतो? त्या दिवशी त्याच्या नेहमीच्या घरी काय बदलतं? माणसं अंगणात उतरतात, मोटरचा आवाज होतो, फरशी ओली होते, म्हणून तो तिथून निघत असेल का? मागच्या गल्लीत कुणाकडे पाणी तुमच्या आधी येतं?

भाकरी आणायला जाल तेव्हा कडक भाकरीवाल्या मावशींना विचारून बघा. त्यांना मराठी, कन्नड, तेलुगू, तिन्हींतलं कानावर येतं आणि कुणाच्या घरी शिळं उरतं तेही ठाऊक असतं. यजमानांनाही कामाला लावा, त्यांना मागच्या गच्चीवरून पाळत ठेवू द्या. बैठकीत काय झालं ते सवडीने लिहा. दोरा कुणी बांधला ते मात्र कळल्याबरोबर कळवा.